मिस्किटा आडनाव आले कुठून? अंधेरी-बोरिवलीच्या गावठाणांतल्या एका दुर्मीळ आडनावाची कुळकथा

मुंबई उपनगर म्हटले की लोकांना टॉवर, मेट्रो आणि लोकलची गर्दी आठवते. पण या जिल्ह्याचेही अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला असे तीन तालुके आहेत. मुलुंड, घाटकोपर ही कुर्ला तालुक्यातली. १ ऑक्टोबर १९९० रोजी हा जिल्हा मुंबई शहर जिल्ह्यापासून वेगळा झाला. टॉवरच्या पायथ्याशी आजही दीडशेहून जास्त गावठाणे आणि कोळीवाडे तग धरून आहेत. त्या गावठाणांत कौलारू घरे आहेत, विहिरी आहेत, दारात क्रूस आहेत आणि घरात बोलली जाणारी भाषा मराठीच आहे.

या गावठाणांतल्या घरांवरच्या पाट्या वाचत गेलात तर परेरा, डिसोझा, फर्नांडिस, गोन्साल्विस ही आडनावे पुष्कळ दिसतील. मधेच एखाद्या दारावर 'मिस्किटा' दिसेल. हे आडनाव फार थोड्या घरांत आहे. ऐकणारा हमखास दोन प्रश्न विचारतो. पहिला, "तुम्ही गोव्याचे का?" आणि दुसरा, हसत हसत, "मॉस्किटो म्हणजे डास ना?" दोन्हीचे उत्तर 'नाही' असे आहे. खरे उत्तर काय, ते या लेखात पाहू. आणि ते माहीत असणे फक्त गमतीचे का नाही, वारस नोंदीपर्यंत त्याचा संबंध कसा पोचतो, तेही शेवटी सांगतो.

शब्दाचा अर्थ: मशीद

मिस्किटा हे पोर्तुगीज 'मेस्कीता' या शब्दाचे आपल्याकडचे रूप. पोर्तुगीज भाषेत मेस्कीता म्हणजे मशीद. हा शब्द अरबी 'मस्जिद' वरून तिकडे गेला. आपल्या मराठीतला 'मशीद' हा शब्दही त्याच अरबी मुळातून आलेला. म्हणजे मिस्किटा आणि मशीद ही शब्दाच्या नात्याने चुलत भावंडे झाली.

आता ख्रिस्ती माणसाच्या आडनावात मशीद कशी? त्यासाठी पोर्तुगालचा इतिहास बघावा लागतो. इसवी सन ७११ मध्ये उत्तर आफ्रिकेतून मुस्लिम फौजा स्पेन-पोर्तुगालच्या भूमीवर उतरल्या. पोर्तुगालच्या दक्षिण टोकाला त्यांची सत्ता १२४९ पर्यंत टिकली. पाचशे वर्षांत गावोगावी मशिदी झाल्या. पुढे सत्ता बदलली, तरी जागांची नावे राहिली. मशिदीजवळची वाडी ती 'मेस्कीता' आणि तिथला माणूस तोही 'मेस्कीता'. आपल्याकडे देवळाजवळ राहणाऱ्याला 'देवळेकर' म्हणतात, तळ्याजवळच्याला 'तळेकर' म्हणतात, अगदी तसेच. आडनाव जागेवरून पडले. ते ठेवणारा माणूस कोणत्या धर्माचा, याचा त्याच्याशी संबंध नाही.

स्पेनमधल्या कोर्दोबा शहरात जुन्या मशिदीचे पुढे चर्च झाले. त्या इमारतीला आजही लोक 'मेझकिता' म्हणतात. शब्द तोच.

डासाचे म्हणाल तर 'मॉस्किटो' हा शब्द 'मोस्का' म्हणजे माशी यावरून आला. मॉस्किटो म्हणजे छोटी माशी. मेस्कीताशी त्याचे काही नाते नाही, फक्त कानाला सारखे लागते एवढेच. शाळेत या आडनावाच्या पोरांना चिडवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

साष्टीत हे आडनाव कसे रुजले?

आजचे मुंबई उपनगर म्हणजे जुने साष्टी बेट. वांद्र्यापासून वर घोडबंदर-ठाण्यापर्यंतचा हा पट्टा. २३ डिसेंबर १५३४ रोजी गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने वसईच्या तहात वसई, साष्टी आणि मुंबईची बेटे पोर्तुगीजांना देऊन टाकली. त्यानंतर पाद्री आले. बोरिवलीजवळच्या मंडपेश्वर लेण्यांत फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी चर्च केले. तिथले पडके अवशेष आजही लेण्यांच्या डोक्यावर उभे आहेत. वांद्र्याला १५७५ मध्ये सेंट अँड्र्यू चर्च झाले. अंधेरी पूर्वेला कोंडिविट्यात जेजुइट पाद्र्यांनी १५७९ मध्ये सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्च बांधले. ते आज सीप्झच्या आवारात पडक्या अवस्थेत आहे. १८४० च्या सुमारास साथ आली, वस्ती हलली आणि चर्च मरोळला गेले.

या चर्चमध्ये गावेच्या गावे बाप्तिस्मा घेत होती. त्यात शेतकरी होते, कोळी होते, भंडारी होते, बागायती करणारे वाडवळ होते. त्या काळात सामान्य माणसाला आजच्यासारखे पक्के आडनाव नव्हते. स्वतःचे नाव, बापाचे नाव आणि जात किंवा गाव, एवढ्यावर काम भागायचे. बाप्तिस्म्याच्या वहीत मात्र नवे नाव लागायचे. संताचे नाव मिळायचे आणि आडनाव मिळायचे ते धर्मपित्याचे किंवा बाप्तिस्मा देणाऱ्या पाद्र्याचे. धर्मपिता बहुतेक वेळा एखादा पोर्तुगीज अंमलदार, सैनिक किंवा जमीनदार असायचा.

म्हणून एक गोष्ट पक्की समजून घ्या. मिस्किटा, परेरा किंवा मिरांडा आडनाव आहे म्हणजे तो माणूस पोर्तुगीज वंशाचा, असे मुळीच नाही. आडनाव जहाजातून आले, पण माणूस इथल्याच मातीतला आहे. बटाटा, पाव, चावी, पगार हे शब्दही पोर्तुगीजांकडून आले. म्हणून आपला पगार काही पोर्तुगालहून येत नाही!

बाकीची आडनावे काय सांगतात?

मिस्किटाच्या शेजारची आडनावे पाहिली की पद्धत नीट कळते. त्यांचे साधारण चार गट पडतात.

बापाच्या नावावरून: फर्नांडिस म्हणजे फर्नांडोचा मुलगा. रॉड्रिग्ज म्हणजे रॉड्रिगोचा, गोन्साल्विस म्हणजे गोन्सालोचा, नुनीस म्हणजे नुनोचा. शेवटचा 'इस' किंवा 'एस' म्हणजे 'चा मुलगा'.

झाडाझुडपांवरून: परेरा म्हणजे नासपतीचे झाड. ऑलिव्हेरा म्हणजे ऑलिव्हचे झाड. कार्व्हालो म्हणजे ओकचे झाड. आपल्याकडे आंबेकर, फणसेकर, चिंचोलकर आहेत, तसेच हे.

कामधंद्यावरून आणि हत्यारांवरून: फरेराचे नाते लोखंडाशी. मचाडो म्हणजे कुऱ्हाड.

जागेवरून आणि धर्मावरून: कोस्टा म्हणजे किनारा. मिस्किटा म्हणजे मशीद. बाप्टिस्टा म्हणजे बाप्तिस्मा देणारा, अर्थात संत जॉन.

या बाप्टिस्टा आडनावाचा एक माणूस तर महाराष्ट्राला चांगलाच माहीत असायला हवा. जोसेफ 'काका' बाप्टिस्टा (१८६४–१९३०). माझगावच्या माथारपाखाडीत जन्मलेले हे ईस्ट इंडियन वकील लोकमान्य टिळकांचे सहकारी होते. १९१६ मध्ये टिळकांच्या होमरूल लीगचे ते अध्यक्ष झाले आणि १९२५ मध्ये मुंबईचे महापौर. आडनाव पोर्तुगीज, पण माणूस स्वराज्याचा. आडनावावरून माणूस ओळखू नये, याचा यापेक्षा चांगला दाखला नाही.

काही घरांनी जुनी आडनावे सोडलीच नाहीत. उपनगरात केणी, पटेल, कोळी अशी आडनावे लावणारी ख्रिस्ती घरेही आहेत. तिकडे वसईत डाबरे आहेत. म्हणजे बाप्तिस्मा सगळ्यांनी घेतला, पण वहीत सगळ्यांचे सारखे झाले नाही.

'ईस्ट इंडियन' हे नाव कसे पडले?

१७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे आणि साष्टी घेतली. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकली आणि पोर्तुगीज सत्ता संपली. १७७४ मध्ये साष्टी इंग्रजांनी घेतली. तीन राज्ये आली-गेली, तरी बाप्तिस्म्याची आडनावे घराघरांत राहिली.

१९ व्या शतकात मुंबईत कचेऱ्या, गोदी आणि रेल्वेत नोकऱ्या निघाल्या. गोवा आणि मंगळूरहून ख्रिस्ती लोक कामाला आले. त्यांचीही आडनावे डिसोझा आणि फर्नांडिसच. इंग्रज साहेबाला सगळे सारखेच वाटायचे. स्थानिक लोकांचे म्हणणे असे, की आम्ही कंपनी सरकारच्या राज्यातली मूळ रयत आहोत, आम्हाला वेगळे ओळखा. म्हणून त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीवरून 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतले. १८८७ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात 'बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन' स्थापन झाली. म्हणजे आडनावावरून ओळख पटेना, म्हणून अख्ख्या समाजाला नवे नाव घ्यावे लागले.

आजही ओळख पटते ती चालीरीतींवरूनच. लग्नात 'उंबराचं पाणी' आणतात. बायका लुगडे नेसतात. घरोघरी बॉटल मसाला कुटला जातो. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी 'आगेरा' असतो, तेव्हा नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये नेऊन आशीर्वाद घेतात. आपल्याकडे नवान्न असते, तसेच हे. भातशेती उरली नाही अशा गावठाणांतही लोंब्या बाहेरून आणून आगेरा करतात. शेतकऱ्याचा सण शेत गेल्यावरही टिकतो, याचे मला नेहमी कौतुक वाटते आणि वाईटही वाटते.

हे आडनाव इतके कमी का?

आपल्याकडे जनगणनेत आडनावानुसार आकडे छापत नाहीत. २०११ च्या जनगणनेत मुंबई उपनगर जिल्ह्याची लोकसंख्या ९३ लाख ५६ हजारांच्या पुढे होती. राज्यात ख्रिस्ती लोकसंख्या सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे शंभरात एकाच्या आसपास. त्यात गोवेकर, मंगळूरी, मल्याळी, तमिळ सगळे आले. ईस्ट इंडियन त्यातला एक भाग आणि मिस्किटा त्या भागातला एक कोपरा.

कमी असण्याची कारणे साधी आहेत.

एक, सुरुवातच थोड्या घरांपासून झाली. मेस्कीता आडनावाचा धर्मपिता ज्या गावात होता तिथेच ते लागले. डिसोझा, परेरा नावाचे पोर्तुगीज पुष्कळ होते, म्हणून ती आडनावे गावोगाव पसरली.

दोन, आडनाव मुलाकडून पुढे जाते. मुलगी लग्न करून गेली की आडनाव बदलते. दोनच मुले असलेल्या घरांचा हिशेब मांडा. चार घरांपैकी सरासरी एका घरात दोन्ही मुलीच असतात. त्या घरापुरते आडनाव तिथेच थांबते. हजारो घरे असलेल्या आडनावाला फरक पडत नाही. मोजक्या घरांच्या आडनावाला दर पिढीला गळती लागते.

तीन, स्थलांतर. गावठाणातली शिकलेली पोरे आधी रेल्वे आणि कचेऱ्यांत गेली. पुढे आखातात गेली, मग कॅनडा, ऑस्ट्रेलिया, इंग्लंडला. घराला कुलूप आणि वर्षातून एकदा सणाला हजेरी, असे चित्र बऱ्याच ठिकाणी आहे.

पोर्तुगाल आणि ब्राझीलमध्ये मात्र मेस्कीता हे आडनाव चांगलेच चालते. ब्राझीलमध्ये रिओजवळ मेस्कीता नावाचे शहरच आहे. पण तिकडचे स्पेलिंग वेगळे. इंग्रजीत सुरुवातीला 'मि' आणि शेवटी दोन वेळा 'टी' असे लिहिण्याची तऱ्हा आपल्या मुंबई-ठाणे-वसई पट्ट्यातली आहे. टोरांटोत किंवा मेलबर्नमध्ये अशा स्पेलिंगचा माणूस भेटला तर त्याच्या आजोबाचे घर बहुधा आपल्याच एखाद्या गावठाणात निघेल.

अजून एक सावधगिरी. दोन मिस्किटा भेटले म्हणजे ते भाऊबंद असतीलच असे नाही. एकाच धर्मपित्याकडून दोन वेगळ्या घरांना, वेगळ्या जातींनाही तेच आडनाव मिळू शकते. आपल्या 'कर' आडनावांचेही तसेच आहे. दिवेकर ब्राह्मणांतही आहेत आणि बेने इस्रायल म्हणजे आपल्या कोकणातल्या यहुदी समाजातही आहेत. नाते आडनावाने नाही, वंशावळीने ठरते.

एक अक्षर चुकले की काय होते?

आता मुद्द्याची गोष्ट. हेच आडनाव मराठीत मिस्किटा, मिस्कीटा, मिस्क्विटा, मेस्किटा असे कसेही लिहिलेले सापडते. तलाठ्याने कानाला ऐकू आले तसे लिहिले, चर्चने पोर्तुगीज पद्धतीने लिहिले, शाळेने इंग्रजी पद्धतीने. जुन्या नोंदींत तर आडनावच नसते. नुसते 'जुवांव पेद्रू' असे, म्हणजे पेद्रूचा मुलगा जुवांव.

घरात कुणी वारले आणि वारस नोंद करायची वेळ आली की हा गोंधळ बाहेर येतो. मिळकत पत्रिकेवर एक नाव, मृत्यू दाखल्यावर दुसरे, आधारवर तिसरे. उपनगरात गावठाणाच्या एका खोलीच्या जागेलाही केवढा भाव आहे, हे सांगायला नको. नाव जुळत नाही म्हटल्यावर भावाभावांत आधी संशय येतो, मग बिल्डरचा माणूस येतो.

हे फक्त ख्रिस्ती घरांचे दुखणे नाही. माझ्याच शेताच्या सातबाऱ्यावर आजोबांच्या नावात एक काना जास्त पडला होता. पीक कर्ज काढताना ते लक्षात आले. तो एक काना काढायला दोन पावसाळे गेले. तेव्हापासून कुठलाही उतारा हातात आला की मी आधी नावे वाचतो, क्षेत्र नंतर.

आपल्या आडनावाचा माग असा काढा

१. घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला बसवून आजोबा-पणजोबांची नावे, माहेरची आडनावे, मूळ वाडीचे नाव लिहून घ्या. मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करून ठेवा. हे काम आजच करा.

२. ख्रिस्ती कुटुंबांनी आपल्या चर्चमध्ये बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या नोंदवह्या बघण्यासाठी फादरना अर्ज द्यावा. आई-बाप आणि धर्ममाता-धर्मपित्याची नावे तिथे सापडतात. चर्च हलले असेल, जसे कोंडिविट्याचे मरोळला गेले, तर आधी नव्या चर्चमध्ये विचारा.

३. जमिनीसाठी तलाठी कार्यालयातून सातबारा आणि जुने फेरफार काढा. गावठाणातल्या घरासाठी नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका घ्या. जुने फेरफार महत्त्वाचे, कारण कोण कोणाचा मुलगा हे त्यात लिहिलेले असते.

४. शाळा सोडल्याचा जुना दाखला शोधा. त्यावर जात, गाव आणि आडनावाचे त्या काळचे रूप असते.

५. मतदार यादी सर्वांना पाहता येते. आपल्या भागाची यादी उघडून त्याच आडनावाची किती घरे आहेत ते मोजा. आडनावाची सगळी रूपे शोधा, नाहीतर निम्मी घरे सुटतील.

चूक सापडली तर

सातबाऱ्यावर लेखनाची चूक असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे दुरुस्तीचा अर्ज करता येतो. सोबत मूळ फेरफार जोडा. ज्या जुन्या कागदावर नाव बरोबर आहे तो कागद हाच तुमचा खरा पुरावा. मिळकत पत्रिकेसाठी नगर भूमापन अधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो.

दोन वेगळी स्पेलिंग एकाच माणसाची आहेत असे प्रतिज्ञापत्र करून ठेवले तर बऱ्याच ठिकाणी उपयोगी पडते. पुढच्यासाठी एकच रूप ठरवायचे असेल तर महाराष्ट्र शासन राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घ्या. आणि घरातल्या सर्वांनी एकत्र बसून एकच स्पेलिंग ठरवा. एका भावाने एक आणि दुसऱ्याने दुसरे लावले तर पुढच्या पिढीला तोच त्रास.

ख्रिस्ती कुटुंबांना मृत्युपत्र नसेल तर भारतीय वारसा कायदा, १९२५ लागू होतो. नवरा वारला आणि मागे बायको-मुले असतील तर बायकोला एक तृतीयांश मिळते. उरलेल्या दोन तृतीयांशात मुलगे आणि मुली यांना सारखा वाटा असतो. मुलीचे आडनाव लग्नानंतर बदलले म्हणून तिचा हक्क जात नाही. वंशावळीत तिचे माहेरचे आणि सासरचे, दोन्ही नावे लिहा.

शेवटी

मशिदीजवळच्या कुठल्याशा पोर्तुगीज वाडीचे नाव जहाजातून साष्टीत आले, भातशेती करणाऱ्या मराठी घराला चिकटले आणि साडेचारशे वर्षे टिकले. त्या घराचे शेत गेले, विहीर बुजली, शेजारी टॉवर आला. आता आपण इथलेच आहोत हे दाखवायला त्या घराकडे चर्चची वही, एक पिवळा पडलेला फेरफार आणि हे आडनाव एवढेच आहे.

म्हणून मिस्किटा असा, म्हात्रे असा की वैती, आज संध्याकाळी घरातली कागदांची पिशवी एकदा खाली काढा. प्रत्येक कागदावर आपले नाव कसे लिहिले आहे ते बघा. चूक सापडली तर म्हातारी माणसे आहेत तोवर दुरुस्त करून घ्या. सही करणारा आणि साक्ष देणारा माणूस घरात असताना हे काम सोपे असते.